हिरवे ठिपके गेले कुठे?

मूलपेशींपासून मिळवलेल्या व्हेसिकल्स, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या, औषध म्हणून द्यायच्या, तर त्या रक्तात टिकायला हव्यात. त्या टिकत नाहीत. 2013 मध्ये जपानी संशोधकांनी कर्करोगाच्या पेशींपासून मिळवलेल्या अशाच व्हेसिकल्सचा उंदरांत मोजलेला अर्धायुकाल जेमतेम दोन मिनिटांचा होता. जातात कुठे, हे मला प्रत्यक्ष घडताना बघायचं होतं.

त्या दिवशी भूल दिलेल्या उंदराचं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली होतं. तिथल्या कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातले मॅक्रोफेज (नको असलेलं गिळणाऱ्या भक्षक पेशी), प्रतिपिंडाने लाल रंगवलेल्या, शेपटीच्या शिरेतून सोडलेल्या व्हेसिकल्स हिरव्या. शंभर नॅनोमीटरच्या आसपासच्या या पिशव्यांचा आकार दिसत नाही, नुसता ठिपका चमकतो. रक्ताबरोबर ठिपके आले आणि एकेक करत लाल पेशींना चिकटले. कुप्फर पेशी त्यांच्यामागे धावत नाहीत. केशिकेच्या भिंतीला धरून, हातपाय प्रवाहात पसरून बसतात आणि येईल ते पकडतात. थोड्याच वेळात लाल पेशी आतून हिरव्या दिसू लागल्या.

नुसत्या रंगाचेही कण बनतात आणि तेही पेशी गिळतात, म्हणून व्हेसिकल्सविना फक्त रंग दिलेला उंदीर आधीच तपासला होता. ही खातरजमा केल्याशिवाय अशा चित्रांवर मी विश्वास ठेवत नाही.

मग दुसरा उंदीर. त्याला क्लोड्रोनेट हे औषध भरलेले लायपोसोम, म्हणजे मेदाचे बारीक बुडबुडे, आदल्या दिवशी दिले होते. मॅक्रोफेज ते गिळतात आणि आत सुटलेल्या क्लोड्रोनेटने मरतात. पडद्यावर लाल जवळजवळ नव्हतंच. हिरवे ठिपके मात्र येत होते, पुढे जात होते, पुन्हा नवे येत होते. काही केशिकेच्या भिंतीच्या पेशींनीही धरले, पण बाकीचे वाहतच राहिले. मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि बराच वेळ आम्ही दोघी बोललोच नाही.

या पेशींना आम्ही औषधाच्या वाटेतला अडथळा म्हणतो, ते मला पटत नाही. बऱ्याच व्हेसिकल्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं मेदद्रव्य असतं, मरणाऱ्या पेशींच्या अंगावर असतं तेच. ते रक्तात साचलं, तर गुठळी धरायला आयती जागा मिळते. प्लेटलेट्स आणि तांबड्या पेशी अशा व्हेसिकल्स सतत सोडत असतात, त्या रोज कुणीतरी उचलायलाच हव्यात. टोचलेल्या व्हेसिकलवर ‘मला खाऊ नको’ सांगणारं सीडी47 हे प्रथिन वाढवून तिला थोडा जास्त वेळ मिळवून देता येतो. त्या संध्याकाळी मॅडमशी त्याच प्रयोगाची आखणी सुरू केली. मॅक्रोफेज मारून औषध पोचवायचा पर्याय मी यादीतून काढला.