मे महिन्यातलं नांदूर मधमेश्वर

"उन्हाळ्यात तिथे काय बघणार?" नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याकडे निघायच्या आदल्या दिवशी घरात हाच प्रश्न. थंडीतली पाहुणी बदकं मे महिन्यात नसतात, हे खरं. पण राहणाऱ्या पक्ष्यांचं घर, संसार बघायचा तर हाच मोसम.

पुतण्याला घेऊन पहाटे साडेचारला नाशिक सोडलं आणि उजाडता उजाडता अभयारण्याजवळच्या चापडगावात पोचलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला आणि पाणी उथळ झालं. या गाळामुळेच इथे पक्षी टिकले. 2020 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ.

पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून तासाभरात हळदीकुंकू बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे, शराटी आणि नदी सुरय दिसले. लांब शेपटीचा कमळपक्षी पानांवरून चालत होता. पण जीव अडकला तो टिटवीत.

काठाच्या उघड्या जमिनीवर खड्यांसारखी चार अंडी, टोकं आत वळवलेली. टिटवी मधूनच उठायची, पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवायची आणि येऊन परत अंड्यांवर बसायची. पुतण्या म्हणाला, "काका, ती अंड्यांना गार करतेय!" अगदी बरोबर. एवढ्या उन्हात अंडी तापून जाऊ नयेत म्हणूनच ही धडपड. आम्ही लांबूनच दुर्बिणीतून बघितलं. मागच्या खेपेला एकजण फोटोसाठी अशाच घरट्याजवळ ठाण मांडून बसला होता आणि टिटवी तेवढा वेळ डोक्यावर ओरडत फिरत राहिली. कृपा करून असं करू नका. टिटवी ओरडायला लागली की आल्या पावली मागे फिरा, आणि पायवाट सोडून गाळात उतरू नका. अंडी पायाखाली आली तरी कळत नाहीत.

नऊनंतर पक्षी सावलीला जातात, तेव्हा खाली बघा. पाणकणसाच्या देठाला चतुराची (ड्रॅगनफ्लायची) कात चिकटलेली होती: पाठीवर उभी चीर आणि चिरेतून लोंबणारे पांढरे धागे. हे धागे म्हणजे अळीच्या श्वासनळ्यांचं अस्तर. शेजारच्या काडीवर गुलाबी चतुर शेपटी थेट सूर्याकडे उभी करून बसला होता, म्हणजे अंगावर ऊन कमीत कमी पडतं. टाचण्या, म्हणजे चतुरांचे सडपातळ भाऊबंद, शोधायच्या तर काठावरच्या गवतात, पाण्याच्या अगदी लगत.

जाणाऱ्यांनी सहाच्या आत पोचावं आणि साडेदहाला परत फिरावं. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा मातकट सदरा एवढं हवंच. दुर्बीण 8x42 (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. रेल्वेने यायचं तर निफाडला उतरून पुढे गाडी करावी लागते. गावातल्या गाईडला सोबत घ्याच. कोणता पक्षी आज कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक असतं. आणि निघण्याआधी त्यांना फोन करून कालव्यांचं आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीने पाणी सोडणं, सुरू आहे का तेवढं विचारा. पाणी चढलेलं असलं की गाळाचे पट्टे बुडतात आणि चिखलात चरणारे पक्षी दूर जातात.