मियाटाचा दुसरा गिअर: क्लचचा दोष आणि सिंक्रोचा दोष वेगळा करताना

माझी गाडी १९९२ ची माझदा मियाटा आहे, १.६ लिटरचे इंजिन आणि ५ गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. न्यू जर्सीच्या थंडीत, डिसेंबरपासून, सकाळी गाडी बाहेर काढली की पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना करकर होऊ लागली आणि उभ्या गाडीत रिव्हर्स टाकतानाही दात घासल्याचा आवाज येऊ लागला. एका गॅरेजने गाडी पाच मिनिटे चालवून पाहिली आणि गिअरबॉक्सच बदलावा लागेल असे सांगितले. मला ते पटले नाही, कारण या दोन तक्रारींचे मूळ एकच असेल असे गृहीत धरायला काहीच आधार नव्हता.

सुरुवात रिव्हर्सपासून केली. या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर गुंतण्याआधी वेग जुळवून देणारी रचना, नाही, त्यामुळे इनपुट शाफ्ट (क्लचमार्फत इंजिनाने फिरणारा गिअरबॉक्सचा शाफ्ट) फिरत असेल तर तो गिअर आवाज करणारच. इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण दाबून दहापर्यंत अंक मोजले आणि मग रिव्हर्स टाकला. क्लच नीट सुटत असेल तर एवढ्या वेळात शाफ्ट थांबायला हवा. माझ्या गाडीत दहा मोजल्यावरही आवाज आला आणि पंधरा मोजल्यावरही आला. इंजिन बंद केल्यावर मात्र पाचही गिअर आणि रिव्हर्स अगदी सहज पडत होते. याचा अर्थ पेडल तळाला टेकलेले असतानाही क्लच प्लेट फ्लायव्हीलला थोडीशी घासत होती.

गाडी चार जॅक स्टँडवर चढवून खाली शिरलो. स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर, गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला दोन बोल्टवर बसवलेला असतो, त्यामुळे तो हाताशी येतो. पत्नीने आत बसून पेडल दाबले आणि मी पट्टी धरून सिलिंडरच्या दांड्याची चाल मोजली. ती जेमतेम ९ मिलिमीटर भरली. क्लच पूर्ण सुटायला साधारण १२ ते १३ मिलिमीटर लागते. सिलिंडरच्या तोंडावरचे रबरी बूट (आवरण) बोटाने मागे सरकवले, तर आतून काळपट, चिकट फ्लुइड ओघळून मनगटापर्यंत आले. आतले सील गेले होते, आणि गळती त्या बुटातच साचत असल्याने जमिनीवर एकही डाग दिसला नव्हता. वर टाकीतले फ्लुइडही कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले होते.

स्लेव्ह आणि मास्टर (पेडलने दाबला जाऊन स्लेव्हकडे फ्लुइड ढकलणारा), दोन्ही सिलिंडर एकाच वेळी बदलले. फक्त स्लेव्ह बदलला, तर तितक्याच जुन्या मास्टरचे सील थोड्याच दिवसांत दगा देण्याची शक्यता असते, आणि मग हवा काढण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. ब्लीड केल्यावर, म्हणजे हवा काढल्यावर, दांड्याची चाल १३ मिलिमीटर भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी, उणे ६ अंश तापमानात, तीन मोजताच रिव्हर्स निःशब्द पडला.

दुसऱ्या गिअरची करकर मात्र राहिली. आधीपेक्षा कमी, पण पहिली दहा मिनिटे नक्की. दुसराच का, हे आकड्यांवरून समजते. या गिअरबॉक्समध्ये पहिल्याचे गुणोत्तर ३.१३६, दुसऱ्याचे १.८८८ आणि तिसऱ्याचे १.३३० आहे. ४,००० आरपीएमला पहिल्यावरून दुसरा टाकला तर क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्टचा वेग सुमारे २,४०० पर्यंत, म्हणजे १,६०० ने उतरावा लागतो; दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना ही उतरण १,२०० च्याही आत असते. हे सगळे काम सिंक्रोची पितळेची एक पातळ रिंग घर्षणाने करते. क्लच पूर्ण सुटत नसेल, तर त्या रिंगला केवळ शाफ्ट नव्हे, चालते इंजिनच मागे खेचावे लागते. गळका स्लेव्ह मी किती महिने तसाच चालवला असेन, हे आता सांगता येणार नाही, पण दुसऱ्याच्या रिंगची झीज त्याच काळात वाढली असावी असे माझे मत आहे, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

नंतर गिअर ऑइल बदलले. २ लिटर, ७५डब्ल्यू-९० घट्टपणाचे, जीएल-४ दर्जाचे. पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्ससाठी मी जीएल-५ पेक्षा जीएल-४ पसंत करतो, कारण रिंगला पकड हवी असते, निसरडेपणा नव्हे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता, कपचे किंवा दातांचे तुकडे नव्हते. केवळ चुंबक पाहून समाधान मानू नये, कारण पितळ चुंबकाला चिकटत नाही. जुने ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून उन्हात धरले, तेव्हा त्यात सोनेरी भुकटी चमकताना स्पष्ट दिसली. त्याच दिवशी गिअर लिव्हर काढून खालचे फाटलेले बूट आणि झिजलेले नायलॉन बुश बदलले. त्या कोरड्या पडलेल्या खोबणीत ऑइलही भरले. लिव्हरचा ढिलेपणा गेला, पण करकरीवर त्याचा परिणाम झाला नाही.

बेअरिंगची तपासणी लवकर उरकली. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर नाही, दाबल्यावर किंचाळणे नाही. चौथा गिअर १.००० चा, म्हणजे थेट असल्याने त्यात काउंटरशाफ्टवर (इतर गिअरमध्ये जोर पुढे नेणाऱ्या समांतर शाफ्टवर) भार येत नाही. इतर गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात थांबला असता, तर तिथल्या बेअरिंगवर संशय घेता आला असता. तसे काही आढळले नाही.

उरलेली परीक्षा डबल क्लचची. एसटीच्या जुन्या गाड्यांवर चालक ज्या पद्धतीने गिअर टाकत, तशीच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून क्षणभर थांबायचे, पुन्हा दाबून दुसरा. असे केले की गार गाडीतही दुसरा आवाज न करता पडतो, म्हणजे वेग जुळवून दिल्यावर दात नीट गुंततात. शिवाय दुसऱ्यात ३,००० आरपीएमवर ॲक्सिलरेटर एकदम सोडून पुन्हा दाबला, असे वीस वेळा केले, तरी लिव्हर एकदाही गिअरमधून बाहेर उडाला नाही. गुंतणाऱ्या दातांची टोके गोल झाली असती, तर तो उडाला असता. तेव्हा दोष रिंगपुरताच आहे असे मी धरतो.

मार्चपर्यंत गाडी अशीच, डबल क्लच करून चालवणार आहे. त्यानंतर गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागाशी) जोडणारी ॲल्युमिनियमची पॉवर प्लांट फ्रेम सोडवून तो खाली उतरवीन. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या रिंग, इनपुट शाफ्टचे सील, रिलीज बेअरिंग आणि क्लच प्लेट एवढे सामान तोवर जमवायचे आहे. जुनी रिंग नव्या गिअरच्या नव्हे, माझ्याच गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबून दोहोंतली फट फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापकाने) मोजेन, मग नवी रिंग त्याच भागावर बसवून तेच माप घेईन आणि दोन्ही आकडे पुढच्या नोंदीत देईन.