मोनेची आगगाडी, मुलांसोबत

पॅरिसमधल्या म्युझे दोर्सेत मुलं सोबत असली की आम्ही थेट पाचव्या मजल्यावर जातो, चित्रकार क्लोद मोनेच्या ‘सँ-लाझार स्टेशन’ या पॅरिसमधल्याच एका रेल्वे स्टेशनाच्या चित्रापाशी. आधी खालच्या पुतळ्यांत रमलं, तर इथे पोचेपर्यंत मुलं दमलेली असतात. सोमवारी संग्रहालय बंद असतं. गुरुवारी ते रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, तेव्हा संध्याकाळ गाठावी. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. ही इमारतही मुळात १९०० सालचं रेल्वे स्टेशन आहे, हे आत शिरतानाच सांगून टाकावं. मग मुलं छपराकडे आपणहून बघतात.

चित्र १८७७ चं, सुमारे ७५ सेंटिमीटर उंच आणि १०५ रुंद. मोनेनं या स्टेशनाची बारा चित्रं रंगवली आणि त्यातली सात त्याच वर्षीच्या इम्प्रेशनिस्ट (क्षणाचा प्रकाश टिपणाऱ्या चित्रकारांच्या) प्रदर्शनात मांडली. मुलांना एवढा इतिहास पुरे. आता विचारायचं, “इंजिन कुठल्या रंगाचं आहे?” सगळी म्हणतात, “काळं!” मग नीट बघायला लावायचं. याच मालिकेतलं लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं चित्र तपासलं, तेव्हा त्यातले गडद भाग निळा, हिरवा, लाल असे झगझगीत रंग मिसळून केलेले आढळले; निव्वळ काळा जवळजवळ नाहीच. आमच्या मते मुलांना या चित्रातून शिकवण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

मग मुलं या चित्रावरून गोष्ट रचतात. तेव्हा एकच नियम ठेवतो: जे सांगशील ते चित्रात बोटानं दाखव (लांबूनच!). नाहीतर दोन मिनिटांत गोष्टीत अपघात आणि दरोडे सुरू होतात. प्रत्येकानं फलाटावरचा एक ठिपका निवडायचा. हा माणूस कोणाची वाट बघतोय? त्याला काय ऐकू येतंय? कोळशाचा वास येतोय का? पाच मिनिटांनी इंजिनाची ही वाफ कुठे असेल? शेवटच्या प्रश्नावर मुलं सगळ्यात जास्त बोलतात, कारण चित्रात सतत बदलतेय ती वाफच.

मग मुलांनी स्वतः हे चित्र काढायचं. दालनात फक्त पेन्सिल आणि छोटी वही वापरावी. आधी छपराचा मोठा त्रिकोण, मग वाफेचे गोळे, इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिनापासून सुरुवात केली की ते कागदभर पसरतं आणि छपराला जागाच उरत नाही. रंगकाम बाहेर, पादचारी पुलावरून सीन नदी ओलांडून तुईलरी बागेत. करड्या-निळ्या जाड कागदावर ऑइल पेस्टल छान बसतात. काळी कांडी डब्यातून आधीच काढून ठेवायची. पांढरा रंग सुरुवातीलाच लावून स्वच्छ बोटानं पसरावा; गडद निळ्यावर नंतर लावला, तर वाफ मळकट होते. छपराखालच्या वाफेत थोडा निळा आणि बाहेर उन्हातल्या वाफेत किंचित गुलाबी मिसळायला सांगावं.

त्यानंतर खरं स्टेशन. संग्रहालयाजवळच्या सोल्फेरिनोहून मेट्रोची १२ क्रमांकाची लाइन थेट सँ-लाझारला जाते. गाड्या आता विजेवर धावतात, त्यामुळे “वाफ कुठाय?” हा प्रश्न ठरलेला; चित्र आणि स्टेशन यांतला फरक मुलांनाच शोधू द्यावा. जिव्हर्नी गावातली मोनेची बाग बघायची असेल, तर तिथल्या जवळच्या व्हेर्नों स्टेशनाची गाडी इथूनच सुटते. बाग हिवाळ्यात बंद असते, म्हणून बेत एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच आखावा.