जुन्या सर्व्हरवर नवा कंपायलर उभा करताना: माझा अनुभव

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसातला एक सर्व्हर अजून सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर आहे. त्यातला कंपायलर, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा, जीसीसी ४.८.५; आणि जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी सी ची मूळ लायब्ररी, जीलिबसी २.१७. माझा प्रोग्रॅम सी++१७ मधला, जे इतक्या जुन्या कंपायलरला कळत नाही. मला रूटचे, म्हणजे ॲडमिनचे, अधिकार नाहीत, मशीनला इंटरनेट नाही, आणि त्यावर इतर टीमचीही कामं चालतात, म्हणजे सिस्टीमला हात लावणं शक्यच नव्हतं.

ठाण्याला घरी लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. तिथे बिल्ड करून मी बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅम, सर्व्हरवर नेली, तर ती सुरूच होईना: जीलिबसी २.३४ सापडत नाही. जीलिबसीतल्या फंक्शनांच्या नावांवर आवृत्तीचा शिक्का असतो. जुन्या लायब्ररीवर बिल्ड केलेलं नव्या लायब्ररीवर चालतं, उलट नाही. आणि २०२१ च्या २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत आली, शिवाय 'मेन' सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही नवा शिक्का मिळाला. म्हणून 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा यातून सुटत नाही. मग लॅपटॉपवरची लायब्ररी होम फोल्डरमध्ये ठेवून तिचा पाथ दिला, तर फाइल्सची यादी दाखवणारं साधं 'एलएस'ही कोसळलं. आमचे सीनियर सर म्हणाले, "अगं, प्रोग्रॅम सुरू करून देणारा लोडर आणि लायब्ररी एकाच घरची लागतात. कंपायलरच तिकडे बिल्ड कर."

जीसीसी १३ निवडला. ११ ते १४ या आवृत्त्या बिल्ड करायला सी++११ कळणारा कंपायलर पुरतो, म्हणजे ४.८ चालतो. १५ ला सी++१४ लागतं, तिथे मध्ये आणखी एक पायरी घ्यावी लागली असती.

बूटस्ट्रॅप, म्हणजे कंपायलरने स्वतःलाच पुन्हा बनवणं, मला विरजणासारखं वाटतं. शेजारून आणलेल्या विरजणाचं पहिलं दही, त्या दह्याचं दुसरं, दुसऱ्याचं तिसरं. पहिल्या स्टेजचा कंपायलर ४.८.५ ने बनवलेला, दुसरा पहिल्याने, तिसरा दुसऱ्याने. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले तुकडे) तंतोतंत जुळाव्या लागतात. जुळल्या की जुन्या कंपायलरची चव गेली असं समजायचं.

माझं मात्र पहिल्या स्टेजनंतरच अडलं. 'कॅनॉट कम्प्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स' हा संदेश वाचून मी अख्खा दिवस फाइलच्या नावातल्या एक्स्टेन्शनच्या मागे घालवला. खरं कारण लिबजीसीसी या जीसीसीच्या मदतनीस लायब्ररीच्या फोल्डरमधल्या कॉन्फिग लॉगमध्ये होतं: नवाकोरा कंपायलर सुरूच होत नव्हता, कारण एमपीसीची शेअर्ड (वेगळ्या फाइलमधली) लायब्ररी त्याला सापडत नव्हती. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या जीसीसीला लागणाऱ्या गणिताच्या लायब्ररी मी वेगळ्या इन्स्टॉल केल्या होत्या. त्यांचे सोर्स जीसीसीच्याच सोर्समध्ये ठेवल्यावर त्या स्टॅटिक होऊन आत गेल्या आणि प्रश्न मिटला. ३२ बिटच्या हेडर फाइल्स नव्हत्या, म्हणून मल्टिलिब, म्हणजे ३२ बिटचाही बिल्ड, बंद केलं. रात्रभर चाललेला बिल्ड सकाळी 'कम्पॅरिझन सक्सेसफुल' म्हणाला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

मग प्रोग्रॅमने सिस्टीमचीच जुनी सी++ लायब्ररी उचलली. तिच्यावरचे शिक्के जीलिबसीएक्सएक्स ३.४.१९ पर्यंतचेच. आरपाथ, म्हणजे प्रोग्रॅममध्येच लिहिलेला लायब्ररीचा पत्ता, देऊन नवीकडे वळवलं, तेवढ्यावर भागलं.

खरा घाम फोडला तो बाहेरून आलेल्या एका जुन्या लायब्ररीने. तिचा सोर्स आमच्याकडे नाही. लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, स्ट्रिंग (मजकूर) घेणाऱ्या फंक्शनांवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आले, नावात 'सीएक्सएक्स११'. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने स्ट्रिंगची रचना बदलली, कारण सी++११ च्या नियमांत जुनी कॉपी-ऑन-राइट (बदल होईपर्यंत एकच प्रत वाटून घेणारी) स्ट्रिंग बसत नव्हती. ६४ बिटवर जुनी स्ट्रिंग ८ बाइटची, नवी ३२ बाइटची. नावं वेगळी ठेवल्यामुळे लिंकर निदान ओरडतो, आणि हे मला त्या बदलातलं सगळ्यात शहाणं पाऊल वाटतं.

पण तो नेहमी ओरडत नाही. घाईत मी त्या तक्रार करणाऱ्या फाइल्सच जुन्या एबीआयने, म्हणजे स्ट्रिंगच्या जुन्या रचनेने, कंपाइल केल्या. लिंक झालं, प्रोग्रॅम चालला, आणि रकमा भलत्याच आल्या. एका स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या माहितीत) नावाची स्ट्रिंग आणि पुढे रक्कम होती. फंक्शन त्या स्ट्रक्टचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) घेत होतं, त्यामुळे त्याच्या नावात स्ट्रिंगचा मागमूसच नव्हता. लिंकरच्या दृष्टीने सगळं ठीक! दोन्ही एबीआयने कंपाइल करून साइझ छापला: एकीकडे १६, दुसरीकडे ४०. रक्कम चुकीच्या जागेवरून वाचली जात होती. क्रॅश झाला असता तर परवडलं असतं. इथे आकडे गुपचूप पुढे गेले असते.

मग आमच्या सगळ्या फाइल्स, एकही न वगळता, जुन्या एबीआयने पुन्हा कंपाइल केल्या. रकमा जुळल्या. आता बिल्डच्या सूचना असलेल्या मेकफाइलमध्ये शेवटी तपासणी ठेवली आहे: आमच्या ऑब्जेक्ट फाइल्समध्ये 'सीएक्सएक्स११' दिसलं, किंवा बायनरीला जीलिबसी २.१७ च्या पुढचं काही लागलं, तर बिल्ड तिथेच थांबतो.