थ्री फेज मशीन, सिंगल फेज इमारत: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा भाड्याच्या जनरेटरचा. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात लग्न असो, पूजा असो की शिमग्याचा कार्यक्रम, ट्रॉलीवरचं मशीन न्यायचं, रात्रभर चालवायचं, सकाळी परत आणायचं. मशीनं सगळी थ्री फेज, म्हणजे तीन वेगळ्या तारांवर वीज देणारी, कारण मंडपाला तेच सोयीचं पडतं. साउंड एका फेजवर, लायटिंग दुसऱ्यावर, जेवणावळीची बाजू तिसऱ्यावर, की लोड आपसूक वाटला जातो.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अख्खी लग्नसराई गेली आणि मशीनं शेडमध्ये उभी राहिली. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, विजेचे खांब आडवे पडले, कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले. आम्हाला फोन येऊ लागले ते छोट्या दवाखान्यांचे, मेडिकलवाल्यांचे, लॉजवाल्यांचे. कुणाच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन होतं, कुणाकडे पेशंट होते. मीटर मात्र जवळपास सगळ्यांचे सिंगल फेज, म्हणजे फेजची तार एकच. थ्री फेज मशीन सिंगल फेज इमारतीला जोडून द्यायचं, हे आज आमची ओळख असलेलं काम तिथून सुरू झालं.

ग्राहकाचा हिशोब सरळ असतो: माझा लोड ९ किलोवॅट, तुमचं मशीन २५ केव्हीएचं (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप), म्हणजे भरपूर झालं. पण ते २५ केव्हीए तीन फेजमध्ये विभागलेले असतात. एका फेजच्या वाट्याला जेमतेम ८.३ केव्हीए, म्हणजे ३५ अँपिअरच्या आत. ९ किलोवॅटचा सिंगल फेज लोड ३९ अँपिअरच्या पुढे जातो. सगळी इमारत एकाच फेजवर टाकली की ब्रेकर पडतो आणि बाकीचे दोन फेज रिकामे फिरत राहतात. असा एकांगी लोड अल्टरनेटरलाही, म्हणजे मशीनमधल्या वीज तयार करणाऱ्या भागालाही, सोसत नाही. त्याचा फिरणारा भाग, रोटर, तापतो, रिकाम्या फेजचं व्होल्टेज वर सरकतं. ‘मग तिन्ही फेज एकत्र बांधून द्या’ असंही काही जण सुचवतात. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टचं अंतर असतं, ते एकत्र बांधणं म्हणजे थेट शॉर्ट सर्किट.

आम्ही इमारतीच्या सर्किटांचे तीन गट पाडतो. एसी एका गटात, फ्रिज आणि पंप दुसऱ्यात, दिवे-पंखे आणि उरलेलं तिसऱ्यात. चार पोलचा चेंजओव्हर बसवतो, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल (करंट परत जाण्याची तार) एकदम महावितरणवरून जनरेटरवर बदलणारा स्विच. त्याच्या महावितरणकडच्या बाजूला तिन्ही फेजचे टर्मिनल तांब्याच्या पट्टीने जोडलेले, आणि जनरेटरकडच्या बाजूला आर, वाय, बी हे तीन फेज वेगवेगळे. लाइट असताना तिन्ही गट एकाच फेजवर, जनरेटर असताना तीन फेजवर. शक्यतो एका खोलीत दोन फेज येऊ देत नाही. मग टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) लावून प्रत्येक फेजचा करंट बघतो आणि गरज पडली तर सर्किट इकडचं तिकडे करतो.

खरी मेख न्यूट्रलमध्ये आहे, आणि याच्याकडे फार कमी लोक बघतात. समजा तिन्ही गट वीस-वीस अँपिअर घेताहेत. जनरेटरवर ते करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना बहुतांशी खोडून काढतात. लाइट आली की तेच तिन्ही एका फेजवर येतात आणि न्यूट्रलमधून साठ अँपिअर वाहतात. कुणी तांबं वाचवायला तिन्ही गटांत मिळून एकच बारीक न्यूट्रल ओढली असेल, तर जनरेटरवर सगळं सुरळीत दिसतं आणि न्यूट्रल तापते ती लाइट आल्यावर. जोड जळून सैल होतो. पुढच्या वेळी जनरेटर चालू असताना तो सुटला, तर दोन गटांमध्ये ४१५ व्होल्ट विभागले जातात आणि कमी लोडच्या बाजूची उपकरणं जळतात. एका दवाखान्यात आम्ही दुसऱ्याने केलेलं असं काम पाहिलं होतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक गटाची न्यूट्रल वेगळी आणि पूर्ण जाडीची असते, न्यूट्रलमध्ये फ्यूज नसतो, आणि जनरेटरच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग असतात.

चेंजओव्हरशिवाय आम्ही मशीन जोडत नाही, भाडं गेलं तरी चालेल. वादळानंतर कितीतरी जण प्लगमध्ये उलटी वायर घालून घर चालवायला तयार होते. ती वीज मीटरमधून मागे डीपीपर्यंत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, गेली की ट्रान्सफॉर्मर तिचे ११ हजार व्होल्टच्या घरात रूपांतर करतो, आणि त्याच लाइनवर वायरमन काम करत असतो. दुसऱ्या जिल्ह्यांतून मदतीला आलेली ती पोरं खांबावर चढलेली आम्ही रोज पाहत होतो.

कायमचं मशीन घेणाऱ्याला आणखी एक वाट आहे. बारा टोकं बाहेर काढलेला अल्टरनेटर असेल तर जोडणी बदलून पूर्ण सिंगल फेज करता येतो. ताकद दोन तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी उरते आणि एव्हीआरची (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटची) जोडणीही तपासावी लागते. वायरिंगला हात लावणं शक्य नसेल तिथेच आम्ही हे सुचवतो. १ जुलै २०२३ पासून जनरेटरला सीपीसीबी-४ प्लसचे, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, नवे उत्सर्जन नियम लागू झाले, नवी मशीनं महागली, त्यामुळे उगाच मोठं मशीन घेणं आता परवडत नाही. तीस टक्क्यांच्या खाली सतत चालणारं डिझेल इंजिन तसंही काजळी धरतं.

लग्नाच्या ऑर्डरी परत आल्या आहेत, पण आता इमारतींचं काम जास्त आहे. मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आमची माणसं जुन्या ग्राहकांकडे जाऊन न्यूट्रलचे जोड आवळतात आणि अर्थिंग मोजतात. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.