हातमोज्यांचा दुसरा जोड

आमच्या ट्रॅव्हल कंपनीने जी यादी पाठवली, तिच्यात थंडीबद्दल एकच ओळ होती. ‘गरम कपडे सोबत ठेवावेत.’ खाली ओळखपत्र, नेहमीची औषधं आणि फोटोंसाठी गडद रंगाचे कपडे. जानेवारीचा शेवट, काश्मीर, आणि एक अख्खा दिवस गुलमर्गच्या स्नो-बाईकसाठी, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीसाठी, राखलेला. नाशिकच्या माणसाला गरम कपडे म्हटलं की स्वेटर, शाल आणि कानटोपी आठवणार. निफाडला पारा ५-६ अंशांवर उतरला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते, द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्या थंडीला स्वेटर-शाल पुरतेही. गुलमर्गला पुरत नाही. त्या एका ओळीचा मला अजून राग आहे.

ओझरहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. मग दल सरोवर, शिकारा, बागा. सुंदरच होतं सगळं, पण त्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मी थेट टंगमर्गला येते.

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. त्यातला शेवटचा १३ किलोमीटरचा घाट टंगमर्गपासून सुरू होतो. बर्फ पडला असेल तर तिथे आपली गाडी थांबते आणि टायरना साखळ्या लावलेल्या गाडीत बसावं लागतं. तिथेच ओव्हरकोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानं आहेत. ड्रायव्हरने गाडी न विचारता अशा एका दुकानापुढे उभी केली आणि ‘इनके बिना ऊपर नहीं जा सकते’ असं सांगितलं. असा काही नियम नाही. आमच्या गाडीतले बहुतेक जण मुकाट्याने आत गेले. मला तो कोट हातात घेववेना. आदल्या दिवशीच्या माणसाचा घाम आणि बर्फाचं पाणी अस्तरात तसंच होतं. गमबूट तर आतून चक्क ओले. कोरडं राहण्यासाठी भाडं मोजायचं आणि ओल्या बुटात पाय घालायचा, हे मला अजिबात पटत नाही. गमबूट घ्यावेच लागले तर आधी आत हात घालून बघा. सगळेच ओलसर असतील तर पायमोज्यांवर ब्रेडची रिकामी प्लास्टिक पिशवी चढवा आणि मग बूट घाला. माझ्या नणंदेने हेच केलं आणि संध्याकाळपर्यंत तिचे पाय कोरडे राहिले. आणखी एक, लोक दोन-दोन जाड पायमोजे कोंबून घालतात. पाय घट्ट आवळला की रक्त नीट खेळत नाही आणि बोटं उलट लवकर गार पडतात. लोकरीचा एकच जाड जोड घाला, दुसरा कोरडा सॅकमध्ये ठेवा.

आता स्नो-बाईकबद्दल. पुढे स्कीसारख्या दोन पट्ट्या, मागे फिरता रबरी पट्टा, मध्ये मोटरसायकलसारखं सीट. ॲक्सिलरेटर उजव्या अंगठ्याने दाबायचा. १९५९ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये बॉम्बार्डियर यांनी ‘स्की-डू’ नावाने ही छोटी गाडी बाजारात आणली आणि बर्फातला प्रवास हौसेचा झाला. गुलमर्गला साधारणपणे स्थानिक चालक पुढे आणि आपण मागे. मोकळ्या जागी, त्याला विश्वास वाटला, तर थोडा वेळ हँडल आपल्या हाती देतो. मला दिलं. देवदारांच्या कडेने सपाट पांढऱ्या माळावर ती गाडी सुटली, तेव्हा इंजिनाच्या आवाजावर मी मोठ्याने ओरडत होते. आयुष्यात फार कमी वेळा इतका निखळ आनंद झालाय.

पण या खेळाची थंडी स्कीइंगपेक्षा वेगळी आहे, आणि सामान त्या हिशेबानेच भरायला हवं. स्की करणारा माणूस अंगमेहनतीने तापतो. स्नो-बाईकवर आपण नुसते बसलेलो असतो आणि वारा समोरून येतो. हवा उणे ५ अंश असेल आणि गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली असेल, तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखं लागतं. शिवाय प्रत्यक्ष गाडीवरचा वेळ थोडा असतो. बाकी दिवस भाव ठरवण्यात, नंबर येण्याची वाट बघण्यात, बर्फात उभं राहण्यात जातो. मुलं तेवढ्यात बर्फाचे गोळे करून खेळतात, घामाघूम होतात, आणि त्याच ओल्या अंगाने गाडीवर बसतात.

म्हणून सगळ्यात आत सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि अंगावरच गार होतं. लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल घाला, त्यावर फ्लीसचं (मऊ, लवदार कापडाचं) जॅकेट किंवा स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा व पाणी अडवणारं जॅकेट. वरच्या थरासाठी मोठा खर्च करायची गरज नाही, हे नाशिककरांना मी मुद्दाम सांगते. आपण पावसाळ्यात हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी करतो. कपाटात नायलॉनचा चांगला रेनसूट पडलेला असतो. त्याची पँट थर्मल आणि ट्रॅकपँटवर चढवली की काम होतं. सीटवरचा बर्फ आपल्याच उबेने वितळतो आणि पँट भिजते. जीन्स घातलेल्यांचे हाल मी पाहिले. दुपारनंतर त्यांना धड बसता येईना की चालता येईना. मात्र स्वस्तातला जाड प्लास्टिकचा रेनकोट नको, तो थंडीत कडक होतो आणि फाटतो.

हे सगळं आमच्याकडे होतं, कारण नवरा जुना ट्रेकर आहे आणि त्याने त्या यादीवर भरवसा ठेवला नाही. आमच्याच ग्रुपमधल्या सिन्नरच्या कुटुंबाने ठेवला. त्यात त्यांची काय चूक? पैसे भरले, यादी मिळाली, यादीप्रमाणे सामान भरलं.

त्यांचा मुलगा सहा-सात वर्षांचा. हातात आजीने विणलेले लाल लोकरीचे हातमोजे. सकाळभर त्याने त्याच हातांनी बर्फाचे गोळे केले. विणीच्या प्रत्येक टाक्यात बर्फाचे बारीक दाणे अडकले होते, आणि मनगटाशी तर छोटे गोळेच लोंबत होते. मग त्याचा नंबर आला. हौसेने त्याला चालकाच्या पुढ्यात बसवलं, हात हँडलवर ठेवायला सांगितलं. वडील मागे. फेरी मोठी नव्हती. परत आला तेव्हा पोरगं रडतही नव्हतं. आईने मोजे ओढून काढले, तर चार बोटांची टोकं मेणासारखी पांढरी. ‘दुखतंय का रे?’ तर म्हणाला, ‘काहीच होत नाहीये.’

आईचा चेहरा बघवेना. वडिलांनी त्याचे हात जोरजोरात चोळायला सुरुवात केली. शेजारच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांजवळ कांगडी होती, विणलेल्या टोपलीतलं निखाऱ्यांचं ते मडकं. वडिलांनी ती मागून घेतली आणि मुलाचे हात थेट निखाऱ्यांवर धरायला गेले. तेवढ्यात गाडीचा चालक धावत आला. वय विशीच्या पुढे नसेल. त्याने कांगडी बाजूला सरकवली. ‘नहीं साहब, आग नहीं. हाथ सुन्न है, जलेगा तो बच्चे को पता भी नहीं चलेगा. रगड़ना भी नहीं.’ मग तो सरळ बर्फात गुडघ्यांवर बसला, फेरन (काश्मिरी लांब, सैल अंगरखा) वर केला, स्वेटर वर ओढला आणि मुलाचे दोन्ही गार हात आपल्या उघड्या काखांत घेतले. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आलेला मला दिसला. पण तो हलला नाही. मुलाशी काहीतरी बोलत राहिला, तुझ्या गावाला बर्फ पडतो का, शाळेत काय शिकवतात. मुलगा हळूहळू उत्तरं द्यायला लागला. आणि मग अचानक जोरात रडला. चालक हसला. ‘अब ठीक है. दर्द आया मतलब खून आया.’ हात बाहेर काढले तेव्हा बोटं लालगुलाबी होती.

माझ्या सॅकमध्ये हातमोज्यांचा कोरडा जोड होता. मुलाची आई विचारतच होती, ‘ताई, तुमच्याकडे जास्तीचे आहेत का हो एखादे?’ मोठे होते, पण आतून फ्लीस, बाहेरून पाणी न शिरणारे. मी ते त्याला चढवले आणि मनगटाशी रबरबँड लावला. वडिलांनी चालकाला पैसे द्यायला पाकीट काढलं, तर त्याने छातीवर हात ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला. दुपारी आम्ही त्याला शोधून कहवा पाजला. तो तेवढा घेतला त्याने.

काश्मिरी माणसांबद्दल इकडे बसून बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्या पोराला बर्फात गुडघे टेकून बसलेलं पाहिलंय.

तेव्हा सामान भरताना सुरुवात हातांपासून करा. विणलेले हातमोजे बर्फात चालत नाहीत, ते फक्त आतल्या थराला ठीक. बाहेरून पाणी अडवणारा आणि मनगटाच्या वरपर्यंत येणारा जोड हवा. चारही बोटं एकत्र राहतात ते मिटन लहान मुलांना जास्त ऊब देतात. आणि दुसरा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या अगदी वरच्या कप्प्यात. मुलाचे मोजे दोरीने जोडून ती दोरी जॅकेटच्या बाह्यांतून ओवून घ्या, म्हणजे हरवत नाहीत. बोटं पांढरी पडली तर काय करायचं ते वर आलंच आहे. उबेने रंग परत आला नाही, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

गळ्याचंही बघा. माझी नणंद कॉलेज रोडवर गाडी चालवताना स्टोल गुंडाळते तसाच इथेही गुंडाळायला निघाली होती. मी तो काढायला लावला. फिरत्या पट्ट्याच्या गाडीवर लोंबतं टोक नको, मग तो स्टोल असो की ओढणी की मफलर. त्याऐवजी बाईकवाले गळ्यात घालतात तो नळीसारखा कापडी बफ घ्या, नाकापर्यंत ओढता येतो. श्वासाने तो ओला होतो, म्हणून तोही एक जादा. डोक्याला पातळ कानटोपी असावी, गोंडा असलेली नको, कारण तिच्यावर हेल्मेट बसत नाही. हेल्मेट मागावं लागतं, आपणहून क्वचितच कोणी देतं. आम्ही मागितलं, हट्टाने मागितलं, आणि मिळालं. काही गाड्यांना एक दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवतात. माणूस खाली पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. हँडल हातात मिळालं तर तिचीही चौकशी करा.

गॉगल नुसता शोभेचा नको. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि गुलमर्ग २,६५० मीटरच्या आसपास आहे; उंची वाढते तसे हे किरणही वाढतात. उन्हाचा चटका खालूनही बसतो, हनुवटीच्या आणि नाकाच्या खाली. सनस्क्रीन तिथेही लावा. चष्मा असेल तर त्यावर बसणारा स्की-गॉगल घ्या. मुलांना गॉगल हवाच, पालक नेमकं त्यांचंच विसरतात.

खाण्यात आम्ही डिंकाचे लाडू नेले होते. तूप थिजून ते असे घट्ट झाले की दाताने तुटेनात. बाहेरच्या खिशातून काढून जॅकेटच्या आत ठेवले तेव्हा खाता आले. त्यापेक्षा आपले नाशिकचे बेदाणे आणि भाजलेले शेंगदाणे उत्तम, मोजे न काढता मूठभर तोंडात टाकता येतात. थर्मासमध्ये गरम पाणी असू द्या. थंडीत तहान कळत नाही, पण घसा आणि ओठ सुकतात.

मोबाईल आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. गारठ्याने बॅटरी झपाट्याने उतरते. पॉवरबँक विमानात हातातल्या बॅगेतच चालते. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणून गाडीचं भाडं आणि चहापाण्यासाठी रोख जवळ हवी. भाव आधी ठरवा, आणि तो फेरीचा आहे की माणशी, कुठपर्यंतचा आहे, हे तोंडावर विचारून घ्या.

खरेदीसाठी नाशिकमध्ये शरणपूर रोडचं तिबेटियन मार्केट मला सोयीचं वाटतं. जॅकेटं, टोप्या, हातमोजे एका जागी दिसतात. दुकानात हातमोजा घालून मूठ वळून बघा. वळली नाही तर हँडल धरता येणार नाही. मुलांना सोबत न्या, अंदाजाने माप आणू नका. हॉटेलवर परत आलात की ओले हातमोजे हीटरवर टाकू नका, चामडं असेल तर कडक होतं. आतलं अस्तर बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि हीटरपासून हातभर लांब टांगा. दुसऱ्या दिवशी सोनमर्गला जाताना आमचे सगळे जोड कोरडे होते.