फर्मच्या नावाचा कॅन्सल्ड चेक

कोर्स तयार करायला मला 21 दिवस लागले आणि त्याचे पैसे घ्यायला चालू खातं उघडण्यात 47. हा हिशोब अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी 24 वर्षं सप्लायर क्वालिटीत काढली. भोसरी, तळवडे, चाकणच्या छोट्या वर्कशॉपमधून येणारा माल पास करायचा की परत पाठवायचा, हे ठरवणारी बाई म्हणजे मी. नोकरी सोडल्यावर ज्यांचा माल परत पाठवला त्यांचेच फोन यायला लागले. "मॅडम, पुढच्या आठवड्यात कस्टमर ऑडिट आहे, जरा नजर टाकून जाता का?" चार ठिकाणी नुसत्या चहावर जाऊन आले. पाचव्या ठिकाणी मालकांनी निघताना पाकीट पुढे केलं, मी संकोचाने नको म्हटलं आणि घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडले.

त्यातून आठ शनिवारांचा कोर्स उभा राहिला. दर वेळी अडीच तास, बॅचला जास्तीत जास्त दहा जण. पीपॅपच्या (नव्या सुट्या भागाला ग्राहकाची मंजुरी मिळवायच्या) फाइलीतले 18 घटक कुठे आणि का अडकतात, कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं तो कागद) आणि प्रत्यक्ष मशीनवरचं काम जुळतं का, गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापातलाच फरक, 10 टक्क्यांच्या वर गेला तर ऑपरेटरला दोष द्यायचा की गेजला, 8डी रिपोर्टमध्ये (तक्रारीचं कारण आणि उपाय मांडणाऱ्या) मूळ कारण म्हणून "कामगाराचा निष्काळजीपणा" का लिहायचं नाही. एफएमईएचं (काय काय बिघडू शकतं ते आधीच मांडायच्या पद्धतीचं) नवं पुस्तक 2019 मध्ये येऊन त्यातून आरपीएन, म्हणजे गुणाकाराने काढलेला जोखमीचा आकडा, गेला, तरी निम्म्या वर्कशॉपमध्ये आजही आरपीएनचेच गुणाकार चालू असतात. सांगायला एवढं होतं की कापावं लागलं.

पहिली बॅच मी फुकट घेतली, ती करू नका. सहा जण आले, तिसऱ्या शनिवारी दोन उरले. पुढची 1,500 रुपयांना लावली तर नऊच्या नऊ शेवटपर्यंत बसले, एक जण तर तापात आला. मग फी 12,000 केली. हा आकडा बोलताना पहिल्यांदा माझा आवाज बारीक झाला होता. समोरच्याने फक्त विचारलं, "दोन हप्त्यांत चालेल ना?"

आता बँक.

चाकणच्या एका कंपनीने तीन इंजिनिअर पाठवायचं कबूल केलं. म्हणजे 36,000 रुपये. त्यांच्या अकाउंट्सने व्हेंडर फॉर्म पाठवला: पॅन, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि फर्मच्या नावाचा कॅन्सल्ड चेक. माझ्याकडे बचत खातं होतं, माझ्या नावाचं. ते त्यांना चालेना. त्यांचं बरोबरच होतं, धंद्याचे पैसे बचत खात्यात घ्यायचेच नसतात.

उद्यम नोंदणी आधारवर पाऊण तासात झाली, त्यातली अर्धी वेळ सेवेचा कोड शोधण्यात गेली. (ती पूर्ण मोफत आहे. शोधायला गेलात की सरकारी वाटणाऱ्या साइट्स आधी येतात आणि दोन-अडीच हजार मागतात. माझ्या एका विद्यार्थ्याने ते भरलेत.) तो कागद घेऊन 12 जुलै 2023 ला घराजवळच्या शाखेत गेले. नाव लिहीत नाही, मोठी बँक आहे. साहेब म्हणाले, "हा एक पुरावा झाला. एकल मालकीला दोन लागतात. शॉप ॲक्ट आणा."

महाराष्ट्रात 2017 च्या दुकान कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर परवाना लागत नव्हता. ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. ती घेऊन मी पुन्हा हजर.

"मॅडम, हे लायसन्स नाहीये."

"नाही, सूचना पावती आहे. दहापेक्षा कमी लोक असले की हीच मिळते."

"पण आम्हाला सिस्टीममध्ये एक्सपायरी डेट टाकावी लागते. ह्याच्यावर नाहीये."

"कारण ती संपतच नाही."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी फसवून त्यांच्या गळ्यात मारते आहे. हेड ऑफिसला विचारून सांगतो म्हणाले. दहा दिवस गेले. फोन केला की "मेल टाकलाय".

तिसऱ्या खेपेला काउंटरवर नव्या मॅडम होत्या. एक्सपायरीचा प्रश्न त्यांना पडलाच नाही. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून नाव वाचलं. माझ्या फर्मच्या नावाच्या शेवटी "ट्रेनिंग अँड कोचिंग" आहे. उद्यमवर "अँड" इंग्रजी अक्षरांत होतं आणि शॉप ॲक्टवर त्या जागी नुसतं वळणदार चिन्ह. "दोन वेगळी नावं आहेत." खरं सांगायचं तर इथे मला राग आला नाही, थोडं कौतुकच वाटलं. ड्रॉइंगवर रिव्हिजन सी आणि रिपोर्टवर रिव्हिजन बी दिसली तर मीही फाइल मिटवायचेच. शॉप ॲक्टच्या सूचनेत दुरुस्ती टाकली, नवी पावती काढली.

चौथी खेप पत्त्याची. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर.

"मालकांची एनओसी लागेल."

"ते 2014 सालीच गेले."

"मग मृत्यूचा दाखला आणि वारसांची एनओसी."

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नवऱ्याच्या नावावर झालं होतं, बिलावरचं नाव बदलायचं मात्र नऊ वर्षं राहून गेलं होतं. नवऱ्याने एनओसीवर सही करताना विचारलं, "भाडं किती लावू?" मी हसले नाही. (घरातून काम सुरू करणार असाल तर महावितरणच्या बिलावरचं नाव आधी बदलून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. मी लाजेने आता करून टाकलंय.)

चार खेपा, चार त्रुटी, आणि प्रत्येक त्रुटी आधीची दूर झाल्यावरच दिसलेली. नावातला फरक पहिल्या दिवशी दिसत नव्हता का? लाइट बिल पहिल्या दिवसापासून फाइलीत नव्हतं का? हे मी शनिवारी वर्गात तावातावाने सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरचे एक भोसरीवाले, साठीला आलेले, प्रेसशॉप चालवतात, म्हणाले, "मॅडम, आमची ब्रॅकेटची फाइल तुम्ही चारदा परत पाठवली होती. आधी मटेरियल सर्टिफिकेट, मग जाडीचा रिपोर्ट, मग सही, मग पॅकिंग." सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाऊन आठवत बसले. पाठवली होती. एका दिवसात पूर्ण फाइल बघायला वेळ नसायचा. पहिली चूक दिसली की परत पाठवणं सोपं पडायचं, आपल्या टेबलावरून एक फाइल कमी व्हायची. ते तोवर दोन महिने बिलं अडकून बसले असतील. मी कधी विचारलं नाही.

असो. त्यानंतर व्हेरिफिकेशन. बँकेकडून एक मुलगा येणार, जागा बघणार. तो दुपारी दीड वाजता आला, मी भोसरीला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी घरी, पण दारावर पाटी नव्हती. "मॅडम, बोर्डशिवाय फोटो चालत नाही." त्याच संध्याकाळी निगडीतून ॲक्रिलिकची पाटी करून आणली, 350 रुपये, मराठीत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी जिन्यात थांबवलं, "वहिनी, क्लासेस काढले का?" त्यांना समजावलं की मुलं येणार नाहीत, वर्ग ऑनलाइन आणि भोसरीत एका शेडच्या माळ्यावर भरतो.

पाटीचा फोटो झाला तरी खातं उघडेना. आता साहेबांचा नवा सल्ला: "जीएसटी नंबर काढा, मग लगेच होईल." सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर ही नोंदणी सक्तीची नाही. काढली की 12,000 वर 18 टक्के लावायचे, म्हणजे स्वतःच्या खिशातून भरणाऱ्या पोराला 2,160 जादा, आणि शून्य व्यवहार असला तरी रिटर्न भरत बसायचं. बँकेला एक खाना भरता यावा म्हणून? नाही म्हटलं. माझ्या सीएने रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांचं पान काढून दिलं. एकल मालकीला दोन पुरावे, आणि दोन शक्यच नसतील तर खातरजमा करून बँक एकावरही खातं उघडू शकते, असं त्यात आहे. माझे तर दोन होते. ते पान मी अर्जाला जोडलं, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. शिक्का मागितल्यावर साहेब पहिल्यांदा नीट बसून बोलले. 28 ऑगस्टला खातं उघडलं.

तेव्हा पोच पहिल्याच खेपेला घ्या. आणि काउंटरवर "अजून काय लागेल?" असं विचारू नका, "पूर्ण यादी लिहून द्या" म्हणा. लिहायची वेळ आली की माणूस आठवून सांगतो.

मधेच राहिलं: जुन्या कंपनीचे फॉरमॅट वर्गात वापरू नका. मी नेमणूकपत्रातली गोपनीयतेची अट दोनदा वाचली आणि सगळी उदाहरणं एका काल्पनिक ब्रॅकेटवर नव्याने बेतली. त्यातच बरेच दिवस गेले, पण आता कुणाचा फोन आला की छातीत धस्स होत नाही. छापील मॅन्युअलच्या झेरॉक्सही वाटत नाही, ज्याने त्याने विकत घ्यावीत. सर्टिफिकेट मिळेल का, हे प्रत्येक जण विचारतो. हजेरीचं पत्र मिळेल, ऑडिटर होण्याचं नाही, असं फी घेण्याआधीच लिहून देते.

बिलावर उद्यम क्रमांक छापा. सूक्ष्म उद्योगाचे पैसे करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि 2023-24 पासून मुदत चुकवली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा धरता येत नाही. हे अकाउंट्सवाल्यांना बरोबर माहीत असतं. चाकणहून 36,000 मधून 10 टक्के टीडीएस कापून बाकीचे बावीस दिवसांत आले.

हो, तो कॅन्सल्ड चेक. चेकबुक पोस्टाने आलं, उघडलं, तर नावाच्या शेवटी छापलेलं "ट्रेनिंग अँड कोटिंग". आमच्या पट्ट्यात कोटिंगवाले गल्लोगल्ली, त्यामुळे कुणाला खटकलं नसणार. मी आयुष्यात असा कागद पास केला नसता. दोन मिनिटं त्याच्याकडे बघत बसले, मग आडव्या दोन रेघा मारून चाकणला पाठवून दिला. त्यांनी पास केला.

बँकेत दुरुस्तीचा अर्ज दिलाय. पोच घेतली आहे.